कोसा, धान आणि स्तूप : भंडाऱ्याच्या वर्गात पूर्व आशिया

आपल्या शालेय इतिहासात चिनी माणूस साधारण दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो प्रवासी असतो. फाहियान, ह्युएन त्संग, इत्सिंग ही नावे मुले पाठ करतात आणि ‘जोड्या लावा’मध्ये लिहितात. दुसऱ्यांदा तो १९६२ साली सैनिक म्हणून येतो. मधल्या तेराशे वर्षांत त्याचे काय झाले, याची चौकशी कोणी करत नाही. जपानी माणूस हिरोशिमापुरता येतो. कोरियन माणूस तर जवळजवळ येतच नाही.

या दोन्ही वेळा तो आपल्यासाठी येतो. प्रवासी म्हणून आला की तो आपल्या वैभवाचा साक्षीदार असतो आणि सैनिक म्हणून आला की शत्रू. त्याला स्वतःचे गाव, भाषा, भूक आणि भीती होती का, हा प्रश्न परीक्षेत विचारला जात नाही. म्हणून तो वर्गातही विचारला जात नाही.

हा लेख मी विशेषतः भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. ‘भंडारा कुठे आणि चीन-जपान कुठे?’ असे कोणी म्हणेल. पण पूर्व आशियाच्या इतिहासाचे इतके धागे एका जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी सापडावेत, असे महाराष्ट्रात फार ठिकाणी होत नाही. हे धागे संग्रहालयात जाऊन शोधावे लागत नाहीत. ते पवनीच्या टेकडीवर आहेत, आंधळगावच्या मागावर आहेत आणि मुलांच्या घरच्या बांधीतही आहेत.

एका शिक्षकाने आणलेला जपान

महाराष्ट्रातल्या शिक्षकाने पूर्व आशियाकडे पाहावे, ही काही नवी कल्पना नाही. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते आपल्या परिचयाचेच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. हिंगण्याला त्यांचा आश्रम आणि महिलांची शाळा चालू होती. त्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. हे विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये स्थापले होते. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. आज आपण ज्याला एसएनडीटी विद्यापीठ म्हणतो, त्याच्या मुळाशी जपानहून आलेली ती पुस्तिका आहे.

कर्व्यांनी जपानकडून एक मोठी गोष्ट घेतली : उच्च शिक्षण मातृभाषेतून देता येते. इंग्रजी साम्राज्यात राहणाऱ्या माणसाला हे पटणे सोपे नव्हते. लंडनकडे न पाहता टोकियोकडे पाहिल्यामुळे ते दिसले. पण त्याचबरोबर ‘उत्तम पत्नी आणि सुज्ञ माता’ घडवण्याची जपानमधली त्या काळची कल्पनाही थोडीफार इकडे आली. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, अशी टीका तेव्हाही झाली. शिक्षकाने ही बाजूही सांगावी. दुसऱ्याकडून शिकताना आपण काय घेतो आणि त्यासोबत काय नकळत येते, याचा हा चांगला धडा आहे.

त्या काळच्या मराठी समाजाची एक चूकही सांगितली पाहिजे. १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवले तेव्हा इथल्या शिकलेल्या लोकांना मोठा हुरूप आला. आशियातला एक देश युरोपच्या सत्तेला हरवू शकतो, हे पहिल्यांदाच दिसले होते. पण त्याच जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला. पुढे कोरियन मुलांच्या शाळेतून त्यांची स्वतःची भाषाच हद्दपार होत गेली. जपानचे कौतुक करणाऱ्या आपल्या पिढीला कोरियाचे दुःख फारसे दिसले नाही. गुलामीत असलेला समाजसुद्धा दुसऱ्याच्या गुलामीकडे डोळेझाक करू शकतो. नववी-दहावीच्या मुलांना हे समजते. आपण त्यांना सांगत नाही, एवढेच.

पवनी : गेलेली वाट आणि परतलेली वाट

आता भंडाऱ्याकडे येऊ. वैनगंगेच्या काठची पवनी हे जिल्ह्यातले सर्वांत जुने नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिले. जगन्नाथ टेकडीवर आणि चांडकापूरच्या बाजूला मोठ्या स्तूपांचे अवशेष मिळाले. दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. एका खांबावर मुचलिंद नागाचे शिल्प आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथे बौद्ध धम्माचे एक समृद्ध केंद्र होते, याबद्दल आता शंका उरलेली नाही.

पवनीहून कोणी भिक्खू थेट चीनला गेला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय गावाचा गौरव करणे हा इतिहास नव्हे. पण पवनीसारख्या शेकडो केंद्रांमधून जो विचार पसरला, त्याची पुढची वाट मात्र आपल्याला नीट माहीत आहे. तो मध्य आशियातून चीनमध्ये गेला. कुमारजीव या भिक्खूने ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले. कुमारजीवाचे वडील भारतीय होते आणि आई मध्य आशियातल्या कुचाची राजकन्या. ३७२ मध्ये कोरियाच्या गोगुर्यो राज्यात बौद्ध धम्माला राजाश्रय मिळाला. सहाव्या शतकात कोरियाच्याच बेक्जे राज्याकडून तो जपानला पोचला. ८०४ मध्ये साइचो नावाचा जपानी भिक्खू चीनला गेला आणि तिथली त्येन्ताई परंपरा घेऊन परतला. जपानमध्ये तिला तेंदाई म्हणतात. क्योटोजवळचा हिएई पर्वत हे तिचे मुख्य पीठ. कुमारजीवाने भाषांतरित केलेले तेच सूत्र या परंपरेचा आधार आहे.

इथे मुलांना वाटेल की गोष्ट संपली. पण ती परत पवनी तालुक्यात येते. रुयाड (सिंदपुरी) इथे महासमाधीभूमी महास्तूप उभा आहे. जपानच्या तेंदाई परंपरेत शिकलेले भिक्खू संघरत्न माणके यांच्या पुढाकाराने आणि जपानी सहकार्याने तो उभा राहिला. तिथल्या धम्म महोत्सवाला जपानी भिक्खू येतात. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी ते पाहिलेले असतात. म्हणजे एकाच तालुक्यात दोन स्तूप आहेत : एक दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि एक आपल्या डोळ्यांदेखत झालेला. या दोघांच्या मध्ये मध्य आशिया, चीन, कोरिया आणि जपान आहेत. नकाशावर लोकरीचा एक धागा पवनीपासून निघावा आणि फिरून रुयाडला टाचावा. एवढे केले तरी एक तासिका सार्थकी लागेल.

हा परतीचा धागा १९५६ च्या नागपूरच्या धम्मचक्र प्रवर्तनाशिवाय समजत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या दीक्षेमुळे विदर्भात जपानी बौद्धांना पुन्हा एक घर मिळाले. भदंत सुरेई ससाई हे मूळचे जपानचे. ते १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरचेच झाले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेंपल १९९९ मध्ये नोरिको ओगावा यांच्या सहकार्याने उभे राहिले. भंडाऱ्याहून नागपूरला जाणारी मुले सहलीत हे पाहतात, त्याच्यासमोर फोटो काढतात. तो फोटो काढून झाल्यावर वर्गात विचारावे : जपानच्या माणसाला आपल्या विदर्भात यावेसे का वाटले असेल?

ह्युएन त्संग : विद्यार्थी म्हणून

ह्युएन त्संग (आजच्या चिनी उच्चारात शुआनझांग) याला आपण ‘हर्षाच्या दरबारी आलेला चिनी प्रवासी’ एवढेच ओळखतो. खरे तर तो एक विद्यार्थी होता. चिनी भाषेत आलेल्या ग्रंथांमध्ये त्याला विसंगती दिसत होत्या. शिक्षकांची उत्तरे पटत नव्हती. मूळ ग्रंथ वाचायचे तर भारतात जावे लागणार होते आणि सम्राटाने तर देशाबाहेर जायला बंदी घातलेली. ६२९ च्या सुमारास तो चोरून निघाला. वाळवंट आणि हिमाच्छादित घाट ओलांडून नालंदाला पोचला आणि तिथे वृद्ध शीलभद्रांकडे शिकला. दक्षिणेत फिरताना त्याने पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहिले. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत त्यांची भाषांतरे करत राहिला. यांतल्या कित्येक ग्रंथांचे संस्कृत मूळ आपल्याकडे हरवले. ते आज फक्त चिनी भाषेत शिल्लक आहेत. याचा अर्थ असा की आपली काही पाने शेजाऱ्याने जपून ठेवली आहेत.

त्याने वर्णन केलेल्या कोसल राज्याची राजधानी कोणती, यावर अभ्यासकांत वाद झाला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ती विदर्भात, चंद्रपूर-भांदक परिसरात शोधली. नंतर अनेकांनी छत्तीसगडमधील सिरपूरकडे बोट दाखवले. एका परदेशी माणसाने लिहिलेली अंतरे आणि दिशा घेऊन दीडशे वर्षे विद्वान भांडतात, हे मुलांना सांगायलाच हवे. इतिहास हा पाठ करायचा नसून पडताळायचा विषय आहे, हे त्यातून कळते.

आंधळगावचा कोसा

रेशीम म्हटले की चीन, हे मुलांना पाठ असते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा शिक्षक याच्या पुढे जाऊ शकतो. कारण त्याच्या वर्गातल्या मुलांच्या घरी कोसा विणला गेला आहे.

कोसा म्हणजे टसर. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या रानकिड्याचा धागा आहे. पूर्व विदर्भात ढिवर समाजाने हे किडे जोपासण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. पाखरांपासून किडे राखायला रानात मुक्काम करायचा, कोष उतरवायचे, आणि मग तो धागा कोष्ट्यांच्या मागावर यायचा. चिनी रेशमाचा किडा वेगळा. तो तुतीची पाने खातो, घरात वाढतो आणि हजारो वर्षे माणसाळल्यामुळे त्याचा पतंग नीट उडूही शकत नाही. कोसा नैसर्गिक तांबूस-पिवळसर असतो, चिनी रेशीम पांढरे आणि अधिक गुळगुळीत.

मग रेशीम चीनमधून आले की ते आपलेच? दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. तुतीच्या रेशमाची विद्या चीनची, यात वाद नाही. ती त्यांनी शतकानुशतके जपली आणि सहाव्या शतकात काही भिक्षूंनी रेशीमकिड्याची अंडी बायझंटाइन साम्राज्यात पोचवली. पण हडप्पा संस्कृतीच्या अवशेषांत रानरेशमाचे धागे सापडले आहेत. महाराष्ट्रात नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशमाचा अंश मिळाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कौशेय आणि चीनपट्ट या दोन वस्त्रांचा उल्लेख शेजारी शेजारी येतो. म्हणजे त्या ग्रंथाच्या काळात इथल्या व्यापाऱ्याला दोन्ही माल माहीत होते आणि त्यांतला फरकही माहीत होता.

मुलांनी कोशाचा तुकडा हातात घ्यावा, जवळ तुतीच्या रेशमाचा तुकडा ठेवावा आणि फरक लिहावा. इथे ‘सगळे आम्हीच शोधले’ हा गर्व टिकत नाही आणि ‘आमचे काहीच नव्हते’ हा न्यूनगंडही टिकत नाही. दोन समाजांनी दोन किड्यांपासून दोन धागे काढले, आणि मग त्यांची बाजारात भेट झाली.

बांधीतला तैवान

भंडारा हा धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा. इथल्या मुलाला पऱ्हे, रोवणी, आवत्या हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पण रांगेत रोवणी करण्याची पद्धत सरकारी पातळीवर ‘जपानी पद्धत’ म्हणून आली होती, हे आज आजोबांच्या पिढीलाच आठवत असेल. १९५३ मध्ये देशभर भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम निघाली. उंच वाफ्यावर थोड्या, निवडक बियाण्याची रोपे तयार करायची, ती ठरावीक अंतरावर ओळीत लावायची, भरपूर खत द्यायचे आणि ओळींमधून कोळपे फिरवून निंदण करायचे, असे तिचे स्वरूप होते.

पण आपले जुने धान उंच वाढणारे. जास्त खत दिले की ते लोळायचे आणि लोंब्या चिखलात जायच्या. याचे उत्तर तैवानमधून आले. ‘ताइचुंग नेटिव्ह-१’ ही बुटकी जात १९६० च्या दशकाच्या मध्यावर भारतात आली. तिचा बुटकेपणा एका जुन्या चिनी वाणातून आलेला होता. ‘आयआर-८’ या १९६६ च्या प्रसिद्ध जातीतही त्याच वाणाचा अंश आहे. ताइचुंग रोगाला लवकर बळी पडायची, म्हणून तिचा इथल्या वाणाशी संकर करून १९६८ मध्ये ‘जया’ काढली गेली. जया हे नाव भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी धानाच्या नव्या जातींचे काम पुढेही चालू राहिले.

आता यातला इतिहास पाहा. १८९५ ते १९४५ तैवान जपानची वसाहत होते. तिथल्या शेतीचे संशोधन आधी जपानी लोकांच्या ताटातला भात आणि साखर पुरवण्यासाठी उभे राहिले. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरसाठी जात होता, तसेच हे. वसाहतीच्या हिशेबात उभ्या राहिलेल्या संशोधनाचा वारसा स्वातंत्र्यानंतर आपल्या बांधीत आला आणि त्याने उपाशी देशाला हातभार लावला. पण त्याबरोबर रासायनिक खताची गरज वाढली आणि कितीतरी गावठी वाण नाहीसे झाले. शेतकऱ्याच्या मुलाला हे दोन्ही सांगायला हवे. घरी जाऊन आजोबांना विचार, जयाच्या आधी आपण कोणते धान लावायचो? या एका प्रश्नातून त्याला तैवान कळेल आणि स्वतःचे गावही.

बाकावरची वही

कोशाचा तुकडा नसेल, स्तूप दूर असेल, तरी मुलाच्या समोर वही असतेच. चीनच्या दरबारात साई लुन याने इसवी सन १०५ मध्ये कागद बनवण्याची सुधारलेली रीत सादर केली. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब आणि चिनी सैन्यांची लढाई झाली. तिथल्या कैद्यांनी समरकंदला कागद शिकवला, अशी कथा सांगतात. अर्थात कागद त्याआधीही मध्य आशियात पोचलेला होता, त्यामुळे या कथेला शब्दशः घेऊ नये. समरकंदहून बगदाद आणि पुढे अरब जगातून युरोप, असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडे तो मध्य आशियाई आणि इराणी कारागिरांबरोबर रुजला. ‘कागद’ हा आपला शब्द फारसीतल्या ‘कागज’वरूनच आलेला आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव त्याची खूण आहे. तिथल्या मुस्लिम कागजींनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवला.

त्याच दौलताबादहून इब्न बतूता गेला. मुहम्मद बिन तुघलकाने १३४२ मध्ये त्याला चीनच्या सम्राटाकडे वकील म्हणून पाठवले होते. दौलताबाद, नंदुरबार, खंबायत, कालिकत असा तो समुद्रापर्यंत पोचला. चीनमध्ये त्याला कागदी चलन आणि चिनी मातीची भांडी यांचे नवल वाटले आणि प्रत्येक मोठ्या शहरात मुसलमानांची स्वतंत्र वस्ती दिसली. पुढच्या शतकात, १४०५ ते १४३३ या काळात, मिंग सम्राटाच्या आरमाराने हिंदी महासागरात सात सफरी केल्या. तिचा प्रमुख झेंग हे हा युन्नानच्या मुस्लिम कुटुंबातला होता. वास्को द गामाच्या नव्वदेक वर्षे आधी तो कालिकतला येऊन गेला. आपल्या मुलांना वास्को द गामाची तारीख पाठ असते, झेंग हे कोण ते माहीत नसते.

१९३८, १९६२ आणि आपले शेजारी

१९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना माहीत आहेत. नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर मात्र विदर्भातल्या मुलांनाही माहीत नसतात. कोटणीस तिथेच राहिले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. मुलाचे नाव त्यांनी यिनहुआ ठेवले होते. त्यातल्या ‘यिन’चा अर्थ भारत आणि ‘हुआ’चा चीन. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. लिहिणारा पानिपतचा, दिग्दर्शक कोल्हापूरचा आणि नायक सोलापूरचा.

त्यानंतर वीस वर्षांत १९६२ चे युद्ध झाले. त्या युद्धाबद्दल शिकवताना सीमा, हल्ला आणि आपल्या जवानांचे बलिदान हे सारे सांगितलेच पाहिजे. पण दोन गोष्टी राहून जातात. एक अशी की चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, ज्यांतले कित्येक इथेच जन्मले होते, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले गेले. दुसरी गोष्ट भंडाऱ्याच्या अगदी शेजारची आहे. तुमसरहून जी रेल्वे तिरोडीला जाते, त्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत एक चिनी सैनिक पन्नासहून अधिक वर्षे राहिला. १९६३ च्या जानेवारीत तो वाट चुकून सीमेच्या या बाजूला आला, अनेक वर्षे तुरुंगात राहिला आणि मग त्याला तिरोडीत आणले गेले. त्याने पिठाच्या गिरणीत काम केले, गावातल्या मुलीशी लग्न केले, त्याला नातवंडे झाली. २०१७ मध्ये तो पहिल्यांदा आपल्या गावी जाऊ शकला. तोवर त्याची आई वारली होती. ‘शत्रूसैनिक’ हा शब्द वर्गात उच्चारताना तुमसरच्या शिक्षकाला हा गिरणीतला माणूस आठवावा.

आणखी एक शेजार आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत आहे. हा भाग १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, नंतर गोंदियात गेला. जवळच्या प्रतापगडावर महादेवाची यात्रा भरते आणि दर्गाही आहे. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी आपण दरवर्षी पाहतो. ते तिथे का आले, त्यांचा देश कुठे आहे आणि त्यांच्या मुलांची शाळा कोणत्या भाषेत भरते, हे मात्र विचारत नाही.

हे सगळे कशासाठी?

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तासिका कमी, अभ्यासक्रम मोठा, त्यात शाळाबाह्य कामे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात चीन-जपानच्या आधुनिकीकरणावर एक प्रकरण आहे, पण मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेला त्याचा काय उपयोग? म्हणूनच वेगळा तास मागू नये. सहावीत बौद्ध धम्म येतो तेव्हा रुयाडचा धागा जोडावा. भूगोलात धान येते तेव्हा तैवान यावे. मराठी विश्वकोशात चीन, जपान, कोरियावर सविस्तर नोंदी आहेत आणि त्या घरबसल्या वाचता येतात. बाकीचे साहित्य गावात आहे.

नियम मला तीनच वाटतात. हाताला लागेल अशा वस्तूपासून सुरुवात करावी. त्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटले हे विचारण्याआधी त्याचे स्वतःचे काय चालले होते ते विचारावे. आणि गौरव किंवा द्वेष यांपैकी काहीही शिकवायचे ठरवून वर्गात जाऊ नये.

हे मी का इतक्या आग्रहाने लिहितो, तेही सांगतो. एखाद्या समाजाला पुस्तकातल्या एका प्रकरणापुरते ओळखणे म्हणजे काय, हे मी शाळेत अनुभवले आहे. अफजलखानाचे पान आले की पुढच्या बाकांवरच्या माना माझ्याकडे वळायच्या. कोणी वाईट बोलले नाही. शिक्षकही भले होते. पण त्या तासाला मी माझ्या वडिलांचा मुलगा नसायचो, गावातला कोणी नसायचो. मी ते प्रकरण असायचो. २०२० मध्ये ईशान्य भारतातल्या मुलामुलींना आपल्या शहरांमध्ये ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, घरे सोडायला लावली गेली, तेव्हा मला ते बाक आठवले. त्या मुलांचा चेहरा पाहून लोकांना एकच प्रकरण आठवत होते, कारण त्यांना दुसरे काही शिकवलेच गेले नव्हते.

भंडाऱ्याच्या शिक्षकाला हे बदलता येईल. त्याच्या वर्गात कोष्ट्याचा मुलगा आहे, ढिवराची मुलगी आहे, रुयाडच्या महोत्सवात जाऊन आलेला बौद्ध मुलगा आहे, धानाच्या बांधीतून थेट शाळेत आलेली मुले आहेत. एखादा इब्राहीम किंवा सलमाही असेल. यांतल्या प्रत्येकाच्या घरातून एक वाट पूर्वेकडे जाते. ती वाट मुलांनी नकाशावर स्वतः काढावी. पुढे कधी नागपूरच्या रेल्वे स्थानकावर मणिपूरची मुलगी किंवा गोठणगावचा तिबेटी मुलगा भेटला, तर त्याला पाहून या मुलांना १९६२ च्या आधी स्वतःच्या गावातला कोसा आठवावा.